जुन्या अभिजात कादंबरीतून वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द शिकता येतात का?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी,

माझं इंग्रजी कामापुरतं चांगलं आहे. ईमेल, अहवाल, बैठका, कुठेच अडत नाही. बातम्या, लेख सहज वाचून होतात. पण लिहायला-बोलायला लागले की ठरावीक शब्दांपलीकडे गाडी जात नाही. माणूस चांगला असला की 'नाइस', वाईट असला की 'रूड', उरलेलं सगळं 'इंटरेस्टिंग'. मराठीत मी एखाद्याला भिडस्त म्हणते, दुसऱ्याला मानभावी, तिसऱ्याला आढ्यताखोर, चौथ्याला तुसडा. या चौघांना इंग्रजीत काय म्हणायचं ते वेळेवर सुचत नाही, आणि सुचलं तरी तो शब्द तिथे शोभतो की नाही याची खात्री नसते.

शब्दयाद्यांची पुस्तकं झाली, रोज एक नवा शब्द पाठवणारं अ‍ॅपही झालं. यादीतला शब्द समोर आला की ओळखता येतो, पण वापरता येत नाही. म्हणून आता एकच जुनी कादंबरी सावकाश वाचायची आणि तिच्यातूनच शब्द उचलायचे असं ठरवतेय. निवड केली आहे जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची. गोष्ट ढोबळमानाने माहीत आहे, त्यामुळे कथानकात गुंतून शब्द निसटणार नाहीत असा हिशेब.

मला हा रस्ता यादीपेक्षा चांगला वाटतो. पण कादंबरी १८१३ सालची. तिच्यातले शब्द आज वापरले तर लोक चमकून बघतील का? अडलेला प्रत्येक शब्द शोधायचा की पुढे जायचं? आणि वहीत नेमकं काय उतरवायचं? ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी सविस्तर लिहा.

चौकस

वाचनखूण साठवली आहे. याच प्रश्नावर मीही अडलोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

गणिती

विषय चांगला आहे, पण मी विरोधी बाजू मांडतो.

पॉल नेशन हे शब्दसंग्रहाच्या अभ्यासातलं मोठं नाव. त्यांच्या २००६ सालच्या अभ्यासानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय समजायला सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक. एवढं भांडवल असेल तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे निघतात.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' साधारण सव्वा लाख शब्दांची आहे. त्यातले दोन टक्के अनोळखी धरले तरी अडीच हजार ठिकाणी ठेच लागणार. आणि खरी अडचण पुढेच आहे. कुठल्याही मोठ्या पुस्तकात जे वेगवेगळे शब्द येतात त्यांतले जवळजवळ निम्मे एकदाच येतात. शब्द मनात रुजायला तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. जो एकदाच भेटला तो दुसऱ्या दिवशी विसरला जाणार. म्हणजे कष्ट भरपूर, पदरात पडणार थोडं.

तेवढ्याच वेळात आजच्या काळातली दहा पुस्तकं वाचा. उपयोगी शब्द आपोआप परत परत भेटतील, आणि ते आज चालणारे असतील.

तिरपा डोळा

आमच्या एका सहकाऱ्याने असाच नेम धरला होता. कादंबरी संपेपर्यंत त्याच्या रजेच्या अर्जात 'आय बेसीच यू' (मी आपली विनवणी करतो) येऊ लागलं. साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि रजा मंजूर केली. तेव्हा गणितीसाहेब, पदरात काहीच पडत नाही असं नाही. :)

पानगळ

गणिती, तुमचे आकडे मान्य. पण धागाकर्तीने शब्द किती वाढतील हे विचारलेलंच नाही. भिडस्त, मानभावी, आढ्यताखोर, तुसडा यांच्यातला फरक इंग्रजीत कसा पकडायचा हे विचारलंय. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आणि दुसऱ्या प्रश्नासाठी ऑस्टेनइतकी योग्य लेखिका शोधून सापडणार नाही.

कारण सांगते. ऑस्टेन वस्तूंची वर्णनं फार कमी करते. खोलीत कुठली खुर्ची होती, कुणी काय नेसलं होतं, जेवायला काय होतं, यात तिला रस नाही. तिचा सगळा जीव माणसाच्या स्वभावात. त्यामुळे स्वभाव दाखवणारे शब्द पानोपानी येतात. सिव्हिल, अ‍ॅग्रीएबल, एमिएबल, रिझर्व्हड, इन्सोलंट, इम्पर्टिनंट, कन्सीटेड, व्हेन, प्राउड. हे एकदाच येऊन जाणारे शब्द नाहीत. तीच ती माणसं, त्यांच्याविषयी बदलत जाणारी मतं, आणि त्या मतांसोबत फिरून फिरून येणारे तेच शब्द.

पाचव्या प्रकरणातला एक प्रसंग बघा. नाचाच्या कार्यक्रमात कथानायक डार्सी गर्विष्ठासारखा वागला, त्यावर दुसऱ्या दिवशी बायका बोलत बसल्या आहेत. नायिका एलिझाबेथ बेनेटची मैत्रीण शार्लट म्हणते, एवढं घराणं, एवढा पैसा असलेल्या माणसाने गर्व केला तर तो त्याचा हक्कच आहे. तेवढ्यात एलिझाबेथची पुस्तकी किडा असलेली धाकटी बहीण मेरी मध्ये पडते आणि 'प्राइड' व 'व्हॅनिटी' यांतला फरक सांगते. प्राइड म्हणजे आपलं स्वतःविषयीचं मत, व्हॅनिटी म्हणजे दुसऱ्यांनी आपल्याविषयी काय समजावं याची हौस. मेरीचं हे प्रवचन ऐकायला तिथे कुणी उत्सुक नाही, पण शब्द शिकणाऱ्याला ते आयतं मिळतं. आता हे डोक्यात ठेवून पुढे वाचलं की डार्सी, बेनेटांचा नातेवाईक असलेला पाद्री मिस्टर कॉलिन्स आणि त्याची आश्रयदाती लेडी कॅथरीन या तिघांचा तोरा तीन तऱ्हांचा आहे हे दिसायला लागतं. कुठल्या यादीने हे शिकवलं असतं? यादीत दोन्ही शब्दांपुढे 'गर्व' एवढंच छापलेलं असतं.

अक्षरवेल, तुमची निवड अगदी बरोबर आहे. बिनधास्त सुरू करा.

चौकस

पानगळ, प्रतिसाद फार आवडला. मेरी हे पात्र मी कायम भरभर ओलांडून पुढे जायचो.

जुनाजाणता

पानगळ यांच्याशी सहमत, पण एक धोका सांगायलाच हवा.

जुनी कादंबरी वाचताना भलेमोठे अनोळखी शब्द फसवत नाहीत. ते अडतात, आपण शब्दकोश उघडतो, विषय मिटतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी एलिझाबेथच्या आईचं, मिसेस बेनेटचं वर्णन आहे की ती 'मीन अंडरस्टँडिंग', 'लिटल इन्फर्मेशन' आणि 'अनसर्टन टेम्पर' असलेली बाई होती. यातला एकही शब्द आपल्याला अनोळखी नाही. म्हणून आपण 'मीन' म्हणजे दुष्ट असं धरून पुढे जातो. इथे मीन म्हणजे बेताची, सुमार. बाईला बुद्धी बेताचीच आहे. इन्फर्मेशन म्हणजे आजच्यासारखी माहिती नाही, वाचन-शिक्षणातून आलेलं ज्ञान. त्याच परिच्छेदात मिस्टर बेनेटचे 'क्विक पार्ट्स' येतात. पार्ट्स म्हणजे बौद्धिक गुण, हुशारी. शब्दकोश न उघडता वाचणारा इथे तीनदा चुकतो आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही.

चौथ्या प्रकरणात 'कँडिड' आहे. एलिझाबेथ आपल्या थोरल्या बहिणीला, जेनला म्हणते की खरी कँडिड तूच, प्रत्येकातलं चांगलं तेवढं बघतेस, वाईटाबद्दल अवाक्षर काढत नाहीस. आज कँडिड म्हणजे तोंडावर स्पष्ट बोलणारा. जवळजवळ उलटच. आणि मिस्टर कॉलिन्स चौदाव्या प्रकरणात लेडी कॅथरीनच्या 'कॉन्डिसेन्शन'चं तोंड भरून कौतुक करतो. त्या काळी वरच्या पायरीवरच्या माणसाने खालच्याशी आपलेपणाने वागणं हा गुण मानला जाई. आज एखाद्या वरिष्ठाला कॉन्डिसेंडिंग म्हणून बघा, काय होतं ते.

आपल्याकडे 'शिक्षा' शब्दाचं असंच झालं. मुळात शिकवण, आज दंड. भाषा जिवंत असली की हे व्हायचंच. पण परक्या भाषेत त्याची चाहूल लागत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नाही असं जरा जरी वाटलं तरी थांबा. अनोळखी शब्दासाठी थांबला नाहीत तरी चालेल.

गणिती

जुनाजाणता, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! शिकणाऱ्याने 'कँडिड' या कादंबरीतून उचलला आणि एखाद्या गोड बोलणाऱ्या माणसाला लावला तर काय उपयोग?

जुनाजाणता

उलट त्याला तो शब्द दोन्ही अंगांनी कळला. पुढे कुठेही कँडिड दिसला की त्याला चांगुलपणा आणि स्पष्टपणा दोन्ही आठवतील. शब्द असा इतिहासासकट माहीत असला की विसरत नाही. फक्त वहीत 'आजचा अर्थ' वेगळा लिहायची शिस्त हवी.

रात्रपाळी

मोबाइलवरून टंकतोय, सांभाळून घ्या.

कादंबरी कुठली घेता यावर सगळं आहे. मी 'मोबी डिक' (१८५१) घेऊन बसलो होतो. भाषा जबरदस्त, काही पानं मोठ्याने वाचावी इतकी सुंदर. पण शब्द कसले, तर शिडाच्या दोऱ्या, जहाजाचे भाग, देवमाशाची हाडं आणि चरबी. स्वयंपाकघरात किंवा कार्यालयात ते कधी तोंडात येणार? 'ट्रेझर आयलंड'मध्येही खलाशी भाषा बरीच आहे, पण गोष्ट इतकी पळते की माणूस थांबत नाही.

शब्दांसाठी वाचायचं तर आधी बघावं की लेखकाचं लक्ष कशावर आहे. माणसांचे स्वभाव हवेत तर ऑस्टेन. मनातली घालमेल, राग, मानीपणा हवा तर शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' (१८४७). माणसाचं चालणं-बोलणं-दिसणं आणि शहरातली गजबज हवी तर डिकन्स.

मुक्तछंद

यात मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) कुणीच घेतली नाही याचं नवल वाटतंय. कारण पुस्तकातून भाषा शिकण्याचा प्रसंग त्या कादंबरीच्या आतच आहे!

फ्रँकेन्स्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने घडवलेला तो प्राणी एका झोपडीच्या आडोशाला लपून राहतो आणि फटीतून आतल्या कुटुंबाचं बोलणं ऐकतो. त्याला पहिल्यांदा कळतात ते शब्द म्हणजे आग, दूध, पाव आणि लाकूड. म्हणजे बोट दाखवता येईल अशा वस्तू. मग घरातल्या माणसांची नावं. पण 'गुड', 'डिअरेस्ट', 'अनहॅपी' हे शब्द त्याच्या कानावर पडतात, वेगळे ओळखू येतात, मात्र त्यांचा अर्थ काही केल्या लागत नाही. कारण त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. पुढे घरात आलेल्या परदेशी मुलीला भाषा शिकवली जाते आणि हाही आडून शिकतो. त्यानंतर त्याला रानात पुस्तकं सापडतात, त्यांत मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' असतं. आणि मग लेखिकेने त्याच्या तोंडी घातलेलं इंग्रजी कादंबरीतल्या कुठल्याही माणसापेक्षा भारदस्त.

अक्षरवेल यांचा प्रश्न नेमका याच टप्प्यावरचा आहे. वस्तूंची नावं येतात, 'अनहॅपी'च्या पलीकडच्या छटा येत नाहीत. त्या छटा फक्त माणसांच्या गोष्टीतूनच येतात, कारण तिथे त्या शब्दामागे एक घडलेला प्रसंग असतो. शब्दसंख्येच्या दृष्टीनेही ही कादंबरी सोयीची. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'पेक्षा बरीच आटोपशीर आहे आणि 'काउंटेनन्स', 'रेच', 'आर्डर', 'बेनेव्होलन्ट' असे शब्द तिच्यात सतत फिरून येतात. गणितींची पुन्हा भेटण्याची अट इथे पुरी होते.

पानगळ

मुक्तछंद, तो प्राणी भाषा शिकतो हे लक्षात होतं, पण कुठले शब्द त्याला आधी कळतात आणि कुठले अडतात याकडे लक्ष गेलं नव्हतं. आजच ते प्रकरण काढून वाचते.

किल्ली

वहीत काय लिहायचं या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं.

शब्द आणि समोर मराठी अर्थ असं लिहिलंत तर तुम्ही पुन्हा एक यादीच तयार केलीत, फक्त स्वतःच्या हाताने. मी काय करते ते एका शब्दावर दाखवते. पानगळ यांनी सांगितलेल्या त्याच पाचव्या प्रकरणात एलिझाबेथ डार्सीबद्दल म्हणते की त्याने माझा मान 'मॉर्टिफाय' केला नसता तर त्याचा गर्व मी सहज माफ केला असता. मी ते पूर्ण वाक्य इंग्रजीत उतरवते. खाली लिहिते, कोण कुणाविषयी बोलतंय आणि का. इथे डार्सीने ती ऐकत असताना तिला 'टॉलरेबल' म्हटलंय, म्हणजे 'ठीक आहे, चालेल' असं. त्याखाली शब्दाचा जोडीदार लिहिते, म्हणजे आजच्या इंग्रजीत तो कुणाबरोबर येतो. आज बहुतेक वेळा 'आय वॉज मॉर्टिफाइड' असा, स्वतःबद्दल. शेवटी माझं एक वाक्य, माझ्या आयुष्यातल्या खऱ्या प्रसंगावरचं. काल्पनिक वाक्य केलं तर ते टिकत नाही.

मराठी अर्थ लिहिते तो सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो शब्दकोशातला नाही, आपल्या बोलण्यातला. मॉर्टिफाइड म्हणजे 'अपमानित' असं लिहून काही होत नाही. मॉर्टिफाइड म्हणजे 'मेल्याहून मेल्यासारखं झालं'. हे एकदा सापडलं की शब्द आपला होतो.

एका प्रकरणातून दोन-तीनच शब्द असे घ्यायचे. बाकीचे नुसते समजून घेऊन सोडून द्यायचे.

हेमकळी

किल्लीताई, तुमचं ते 'मेल्याहून मेल्यासारखं' नुसतं जुळून आलेलं नाही! मॉर्टिफायच्या पोटात लॅटिनमधला मरण या अर्थाचा 'मॉर्स' आहे, आणि तो आपल्या 'मृत', 'मृत्यू'चा सख्खा नातलग आहे. दोन्ही भाषा एकाच प्राचीन मुळाच्या.

अशी नाती दिसायला लागली की मोठे शब्द सोपे होतात. 'मॅग्नॅनिमस' घ्या. मॅग्नस म्हणजे मोठा, तोच आपला 'महा'. अ‍ॅनिमस म्हणजे मन, चित्त. दोन्ही जोडा, 'महामना'. अर्थ पाठ करायची गरजच उरत नाही. 'बेने' म्हणजे भलं आणि 'मॅल' म्हणजे वाईट एवढं माहीत असलं तर बेनेव्होलन्ट आणि मॅलेव्होलन्ट, बेनिफॅक्टर आणि मॅलिफॅक्टर अशा जोड्या एका दमात कळतात. एकोणिसाव्या शतकातले लेखक लॅटिन शिकलेले किंवा लॅटिन शिकलेल्यांमध्ये वावरलेले, त्यामुळे त्यांच्या लेखनात असे शब्द ठासून भरलेत.

गणिती

हेमकळी, मूळ कळलं म्हणून आजचा अर्थ कळतो असं नाही. 'मॉर्गेज'मध्येही तेच मरण आहे, पण तिथे मेलेलं तारण अभिप्रेत आहे. मुळाचा उपयोग आठवण ठेवायला, अर्थ ठरवायला नाही.

हेमकळी

मान्य. अर्थ शब्दकोशातून आणि वाक्यातूनच. मूळ फक्त गाठ मारायला.

तिरपा डोळा

गृहकर्जाचा हप्ता भरताना मॉर्गेजमधलं मरण मला दर महिन्याला दिसतं, त्यासाठी लॅटिन लागत नाही.

सूरपारंबी

एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही, ती म्हणजे उच्चार. नुसत्या वाचनातून आलेला शब्द तोंडात येताना घोळ होतो. 'एपिटमी'ला एपिटोम म्हणणारी, 'हायपर्बली'ला हायपरबोल म्हणणारी माणसं उत्तम वाचक असतात. त्यांनी तो शब्द कधी ऐकलेला नसतो एवढंच.

यावर इलाज सोपा आहे. या कादंबऱ्यांवर आता स्वामित्वहक्क नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर त्या फुकट वाचता येतात आणि लिब्रिव्हॉक्सवर फुकट ऐकता येतात. लिब्रिव्हॉक्स २००५ पासून चालू आहे, स्वयंसेवक वाचून ध्वनिमुद्रित करतात. वाचक निरनिराळ्या देशांचे असल्यामुळे उच्चारही निरनिराळे, म्हणून आधी पाच मिनिटं ऐकून आवाज निवडा. आधी प्रकरण वाचायचं, मग तेच ऐकायचं. ऐकताना शब्द दुसऱ्यांदा भेटतो हा आणखी एक फायदा.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये याची फार सुंदर जागा आहे. सुरुवातीलाच पळालेला कैदी लहानग्या पिपला दरडावून 'विटल्स' मागतो. वाचताना वाटतं की अडाणी माणूस आहे, शब्द मोडून बोलतोय. मूळ शब्द अन्न या अर्थाचा, लिहिताना त्यात 'सी' आणि 'यू' असतात, म्हणून आपण त्याला 'व्हिक्चुअल्स' म्हणायला जातो. पण शिष्ट इंग्रजीतही त्याचा उच्चार 'व्हिटल्स'च आहे! कैद्याने फक्त पहिल्या अक्षराचा 'व्ह'चा 'व' केलाय, तेव्हाच्या लंडनच्या गरीब वस्तीतल्या लकबीने. कानाने शिकलेला तो कैदी डोळ्याने शिकलेल्या आपल्यापेक्षा बरोबर उच्चाराच्या जास्त जवळ आहे.

रात्रपाळी

वा सूरपारंबी! हे माहीत नव्हतं.

पाचवा कोपरा

थोडं अवांतर. परीक्षेसाठी म्हणून कुणी हा धागा वाचत असेल तर आधी परीक्षेचं आजचं स्वरूप बघा. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी असलेल्या जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि साम्यसंबंधांचे प्रश्न २०११ मध्येच गेले. आता वाक्यातल्या गाळलेल्या जागी नेमका शब्द बसवायचा असतो. तिथल्या कॉलेज प्रवेशाच्या एसएटीने २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांचा भर काढून टाकला. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनाही सुटा शब्द नको आहे, संदर्भातला हवा आहे. त्या अर्थाने कादंबरी वाचण्याची सवय कामाची.

अवघड शब्द ठळक छापून बाजूच्या पानावर अर्थ देणाऱ्या आवृत्त्याही मिळतात. मला त्या आवडत नाहीत. ठळक शब्दावर नजर आधी जाते आणि वाक्य नंतर वाचलं जातं. शिवाय जुनाजाणता यांनी सांगितलेले 'मीन' आणि 'कँडिड'सारखे ओळखीचे शब्द ठळक होण्याची शक्यता कमी, आणि गरज तर तिथेच जास्त.

सावकाश

प्रत्येक शब्दाला थांबायचं की नाही, यावर माझं स्पष्ट मत आहे. थांबू नका.

छापील पुस्तकात शब्दाशेजारी पेन्सिलीने बारीक टिंब देते आणि पुढे जाते. प्रकरण संपलं की मागे फिरून टिंबं बघते. त्यातल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ तोवर पुढच्या मजकुरातून लागलेला असतो. जे उरतात त्यांचा आधी मनाशी अंदाज लिहायचा, मग शब्दकोश. अंदाज चुकला तर तो शब्द पक्का बसतो, बरोबर निघाला तर आनंद होतो. किंडलसारख्या यंत्रावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो, आणि शोधलेले शब्द ते साठवूनही ठेवतं. सोय मोठी आहे. पण अंदाज बांधायला मधे उसंतच मिळत नाही, आणि माझ्या मते शिकणं त्या उसंतीतच होतं.

चौकस

सावकाश, मी नेमका उलटा. अर्थ कळल्याशिवाय पुढचं वाक्य डोक्यात शिरतच नाही. यंत्रावरच वाचतो आणि रविवारी साठलेल्या शब्दांची उजळणी करतो. दोन्ही चालत असावं, ज्याचा त्याचा पिंड.

जुनाजाणता

एवढी चर्चा झाली आणि जोसेफ कॉनरॅडचं नाव निघालं नाही असं व्हायला नको. १८५७ चा जन्म, मातृभाषा पोलिश, दुसरी भाषा फ्रेंच. इंग्रजी शिकला ते विशीत, ब्रिटिश जहाजांवर नोकरी करताना. पहिली कादंबरी १८९५ मध्ये आली आणि 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९ मध्ये. आज त्याची गणना इंग्रजीतल्या थोर गद्यलेखकांत होते. मोठेपणी शिकलेल्या भाषेत शब्दांची इतकी नेमकी पारख येऊ शकते, याचा याहून भक्कम पुरावा कुठला हवा? ज्यांना वाटतं की आता वय झालं, त्यांनी कॉनरॅडचं एखादं पान वाचावं. विशेषणांची रास पडलेली असते, पण त्या राशीतून धुकं आणि काळोख समोर उभा राहतो.

गणिती

कॉनरॅड रोज त्या भाषेत काम करत होता, हे विसरू नका. पण उदाहरण दमदार आहे.

विरोध करून झाला, आता एक कामाचं सांगतो. शब्द वहीत घ्यायच्या आधी तो आज जिवंत आहे का हे तपासा. चांगल्या शब्दकोशात 'जुना', 'साहित्यिक', 'औपचारिक' अशा खुणा असतात, त्या वाचायची सवय लावा. गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर नावाचं फुकट साधन आहे. त्यात शब्द टाकला की छापील पुस्तकांत तो कुठल्या काळात किती वापरला गेला याचा आलेख दिसतो. १८१३ साली उंच असलेली रेघ आज जमिनीला टेकली असेल तर तो शब्द समजून घ्यायचा, वापरायचा नाही. रेघ खाली आली पण टिकून असेल तर लेखनात जपून वापरायचा. आलेख वापर दाखवतो, अर्थ नाही, त्यामुळे 'कँडिड'सारख्या शब्दासाठी शब्दकोशाला पर्याय नाही.

ओळखायचे शब्द आणि वापरायचे शब्द असे दोन वेगळे ढीग ठेवले तर माझी हरकत बरीचशी मिटते. मात्र या कादंबरीसोबत आजच्या काळातलं एखादं पुस्तक समांतर वाचाच, हा आग्रह कायम.

अक्षरवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं.

दरम्यान वाचायला सुरुवात केली. सातव्या प्रकरणापर्यंत आले आहे. सावकाश यांच्यासारखी टिंबं देते आणि किल्लीताईंच्या पद्धतीने प्रकरणामागे दोन-तीन शब्द वहीत घेते. गणिती, समांतर वाचायला आजच्या काळातलं एक निबंधांचं पुस्तकही काढलंय.

एक गंमत झाली. माझ्या चौघांपैकी आढ्यताखोर मला सापडला, 'सुपरसिलियस'. डार्सीचा मित्र बिंगली, त्याच्या बहिणींसाठी सहाव्या प्रकरणात 'सुपरसिलियसनेस' असा आलाय. शब्दकोशात बघितलं तर त्याच्या मुळाशी लॅटिनमधली भुवई आहे. भुवई उंचावून खाली बघणारी बाई डोळ्यांसमोर आली आणि शब्द बसला. आजही चालतो. मानभावी आणि भिडस्त मात्र अजून सापडायचे आहेत.

आता एक अडचण. सातव्या प्रकरणात बेनेट कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल 'एन्टेल्ड' शब्द आहे. मुलगे नसल्यामुळे सगळं दूरच्या नातेवाइकाकडे जाणार, एवढं लक्षात आलं. कादंबरीचा सगळा डोलारा यावरच उभा दिसतोय. पण हा शब्द कुठल्या ढिगात टाकू, ओळखायच्या की वापरायच्या?

पानगळ

मानभावी हवाय ना? मिस्टर कॉलिन्स येईपर्यंत थांबा. तेराव्या प्रकरणात त्याचं पत्र येतं, तेच आधी नीट वाचा. भिडस्तासाठी बिंगलीवर लक्ष ठेवा, मित्राने सांगितलं की त्याचं मत बदलतं. एकच शब्द मिळणार नाही, पण त्याच्याबद्दल इतर काय काय म्हणतात ते गोळा करा.

जुनाजाणता

एन्टेल दोन्ही ढिगांत जातो.

कादंबरीतला एन्टेल हा कायद्याचा शब्द. मालमत्ता कुणाकडे जाणार हे आधीच बांधून ठेवलेलं असतं. आजचा मालक ती उपभोगू शकतो, पण मनाला येईल त्याला देऊन टाकू शकत नाही. लाँगबोर्न या बेनेटांच्या इस्टेटीच्या बाबतीत ती पुरुष वारसाकडेच जाणार, म्हणून पाच मुली असूनही मिस्टर कॉलिन्स वारस. ही पद्धत इंग्लंडमध्ये १९२५ च्या जमीनविषयक कायद्यांनी जवळजवळ मोडीत निघाली. तेव्हा हा अर्थ ओळखण्यापुरता.

पण तोच शब्द क्रियापद म्हणून आजच्या इंग्रजीत रोजचा आहे. एखाद्या कामात ओघाने काय काय करावं लागतं ते सांगताना 'द जॉब एन्टेल्स अ लॉट ऑफ ट्रॅव्हल' असं सर्रास म्हणतात. बांधलेपण दोन्हीकडे तेच. तिकडे इस्टेटीसोबत वारस बांधलेला, इकडे नोकरीसोबत प्रवास. तुमच्या अहवालांत तर हा शब्द उद्याच वापरता येईल.

किल्ली

आणि वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा. आधी सातव्या प्रकरणातलं, मग तुमच्या अहवालातलं.